घरं गोल, बांध सरळ: डार्टमूरच्या माळावरची साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती

इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचं ग्रॅनाइटचं पठार आहे. सगळ्यात उंच माथा ६२१ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने टेकाडच. पण वर झाडं फारशी नाहीत, वारा थांबायचं नाव घेत नाही आणि पावसाळा असा वेगळा ऋतूही नाही. मधल्या प्रिन्सटाउन गावात बाराही महिने थोडाथोडा करत वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. १८०९ साली इथे तुरुंग उघडला, तो फ्रेंच युद्धकैद्यांसाठी. माणसाने राजीखुशीने राहावं अशी ही जागा नाही, असंच तेव्हाच्या सरकारचं मत असावं.

तरीही या माळावर प्रागैतिहासिक दगडी घरांचे अवशेष ५०००च्या वर मोजले गेले आहेत. बहुतेक कांस्ययुगातले, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. १७०० ते १००० या काळातले. इतक्या ओसाड जागी इतकी घरं कशी, हा प्रश्न मग पडणारच. त्याचं उत्तर घरांपेक्षा घरांच्या मधल्या जागेत सापडतं, पण आधी घर पाहू.

आज जे दिसतं ते आहे गवतातून डोकावणाऱ्या दगडांचं एक कडं. आतली जागा कुठे दोन मीटर रुंद, कुठे दहा. कड्याची जाडी मीटर-सव्वा मीटर. नीट पाहिलं तर ही भिंत दुहेरी असल्याचं कळतं: आतल्या बाजूला दगडांची एक रांग, बाहेरच्या बाजूला दुसरी, आणि मधल्या पोकळीत माती आणि लहान दगडांची भर. आतल्या रांगेत बऱ्याचदा चपट्या शिळा उभ्या रोवलेल्या असतात, म्हणजे घरात बसणाऱ्याला सपाट भिंत मिळते. चुना नाही, गारा नाही, सगळी कोरडी रचाई. एका ठिकाणी कडं तुटतं आणि दोन जरा उंच दगड समोरासमोर उभे दिसतात. तेच दार.

दगड फोडून आणावा लागला नाही. हिमयुगात या टेकड्यांवर दंव आणि बर्फाने ग्रॅनाइटच्या भेगा रुंदावत नेल्या, तुकडे सुटले आणि उतारांवर पसरून राहिले. डार्टमूरवर माथ्यावरच्या खडकांना ‘टॉर’ म्हणतात आणि उतारावरच्या या दगडांच्या सड्याला ‘क्लिटर’. गवत वाढवायचं तर दगड वेचायला हवेत आणि वेचलेले दगड कुठेतरी टाकायला हवेत. जमीन साफ करणं आणि घर बांधणं ही दोन कामं एकाच हाताने उरकत होती.

जागा उतारावर असेल तर वरच्या अंगाला थोडं खणायचं, ती माती खालच्या अंगाला भरायची आणि सपाट जोतं करून घ्यायचं. दार शक्यतो आग्नेय किंवा दक्षिणेकडे. इथला वारा-पाऊस अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्याला पाठ दिली की दारातून सकाळचं ऊन आत येतं आणि पावसाचा झोत बाहेर राहतो. खिडक्या नसलेल्या घरात दार हाच दिवा. काही घरांना तर दारासमोर वळणदार आडभिंत आहे, तिला वळसा घालून, बहुधा वाकूनच, आत शिरायचं.

आत काय होतं? मध्ये किंवा जरा बाजूला चूल. कुठे फरसबंदी, कुठे नुसती धोपटलेली जमीन. काही घरांत भिंतीलगत जरासा उंच दगडी कट्टा, बसायला-निजायला असावा. जमिनीत केलेले खड्डे आणि त्यांच्यात किंवा आसपास तडकलेले गोटे. हे गोटे विस्तवात लालभडक तापवून पाण्यात टाकले की पाणी उकळतं, भांडं चुलीवर चढवावं लागत नाही. कच्च्या भाजणीच्या मडक्याचं आयुष्य त्याने वाढतं. दाणे भरडायचे पाटे मिळाले आहेत, गारगोटीची पाती मिळाली आहेत, आणि दोऱ्याचे ठसे उमटवून नक्षी केलेली मडकीही, त्यांना तिकडे ट्रेव्हिस्कर शैली म्हणतात.

हाडं मात्र जवळजवळ नाहीत. ग्रॅनाइटवरची माती आम्लधर्मी असते, ती हाडं विरघळवून टाकते. लाकूड, चामडं, लोकर, सुंभ, टोपल्या, सगळं कुजून गेलं. म्हणजे घरातल्या बहुतेक वस्तू गेल्या आणि फक्त सगळ्यात जड ऐवज उरला. ही गोष्ट पुढे सतत ध्यानात ठेवायला हवी, कारण ‘दगडी घरं’ हे नावच थोडं दिशाभूल करतं. होल्न मूर या भागात १९७०च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा दगडी बांधकामाच्या आधीची लाकडी कुंपणं आणि लाकडी गोल घरं यांच्या खुणा निघाल्या, म्हणजे जमिनीत खांब आणि मेखा रोवलेल्या जागी राहिलेले मातीचे गडद ठिपके. दगड नंतर आला. लाकडाची घरं किती होती, हे माळावर नुसतं फिरून कुणालाच सांगता येणार नाही.

छपराचंही तेच. गुडघ्याएवढं कडं पाहून माणूस म्हणतो, बिचारे बिळात राहत होते. पण ही भिंत पडण्याआधी, मुळातही मीटर-दीड मीटरपेक्षा फार उंच नसावी, कारण तिचं काम उंची देण्याचं नव्हतंच. वर शंकूच्या आकाराचं मोठं छप्पर होतं. वाशांची खालची टोकं भिंतीवर टेकलेली, मोठ्या घरात आत खांबांचं आणखी एक वर्तुळ वाशांना आधार द्यायला, आणि वरून गवत, बोरू, हेदर नावाचं झुडूप किंवा गवताळ मातीच्या ढेपा. अशा छपराला साधारण ४५ अंशांचा उतार लागतो. त्याहून कमी दिला तर पाणी झरझर ओघळत नाही, मुरतं आणि छप्पर कुजतं. आता हिशोब करून पाहा. आतून ६ मीटर रुंद घर, भिंतीची जाडी मीटरभर, वासे भिंतीच्या मध्यावर टेकले तर मध्यापासून अंतर साडेतीन मीटर. ४५ अंशांच्या उतारात जेवढं आडवं अंतर तेवढीच उंची. म्हणजे भिंतीच्या वर साडेतीन मीटर, अधिक मीटरभर भिंत: मधोमध साडेचार मीटर उंच घर झालं. आपल्या फ्लॅटचं छत तीन मीटरही नसतं.

धुराचं काय, हे सगळे विचारतात. छपराच्या टोकाला भोक असेल अशी समजूत होती, चित्रांतही तसंच काढायचे. १९७०च्या दशकापासून दक्षिण इंग्लंडमध्ये बट्सर इथे प्रागैतिहासिक शेतीचे प्रयोग सुरू झाले. पीटर रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अशी गोल घरं खरोखर बांधून पाहिली. ती घरं नंतरच्या लोहयुगातली, पण छपराचं गणित तेच. भोक ठेवलं की चुलीवरची गरम हवा तिथून जोरात वर खेचली जाते, ठिणग्याही सोबत जातात आणि गवत पेट घेतं. भोक नसेल तर धूर वर साचतो आणि गवतातून सावकाश झिरपत बाहेर जातो. वरच्या धुरकट थरात ठिणगी विझते, किडेमुंग्या छपरात टिकत नाहीत आणि आढ्याला टांगलेलं मांसही आपोआप धुरावतं. खाली बसणाऱ्याचे डोळे चुरचुरत असतील ते वेगळं.

घर की थडगं?

विदर्भातल्या वाचकाला दगडांचं वर्तुळ म्हटलं की दुसरंच काही आठवेल. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड या भागात शिळावर्तुळं आहेत, ती लोहयुगातली दफनस्थळं. आत दगडगोट्यांचा ढीग, त्याखाली मृताच्या सोबत ठेवलेली लोखंडी हत्यारं, भांडी, क्वचित घोडाही. एकोणिसाव्या शतकात जुनापाणीला खोदकाम करणारे रिव्हेट-कार्नॅक हे इंग्रज अधिकारी तिथल्या शिळांवर कोरलेले वाटीसारखे खळगे पाहून चक्रावले होते, कारण तसेच खळगे ब्रिटनमधल्या शिळांवर त्यांना माहीत होते. त्यावरून दोन्हींचं नातं जोडायचा मोह त्यांना झाला. आज तसं कुणी मानत नाही.

डार्टमूरवर मात्र एकाच उतारावर घरंही असतात आणि थडगीही, म्हणून ओळखायला शिकावं लागतं. घराच्या कड्याला भिंतीची जाडी असते, दार असतं आणि मधली जागा मोकळी, सपाट असते. थडग्यावर दगडांची रास असते आणि मध्ये बऱ्याचदा शिळांची छोटी पेटी. तिसरा प्रकार उभ्या सुट्या शिळांच्या मोठ्या वर्तुळांचा. त्यांना ना भिंत, ना छप्पर, आणि ती बहुतेक घरांहून जुनी असतात. मेरिव्हेल इथे हे सगळं एका फेरीत पाहायला मिळतं: शिळांच्या लांबलचक समांतर रांगा, त्यांच्या शेजारी घरांचा पुंजका, आणि घरांच्या मधोमध एक भलामोठा गोल दगड. हा गोल दगड मात्र प्रागैतिहासिक नाही. सफरचंदं चिरडायच्या घाण्यासाठी अलीकडच्या शतकांत कुणीतरी तो घडवायला घेतला आणि तिथेच टाकून दिला. माळावर असा काळाचा गोंधळ जागोजागी असतो.

आयताकृती पाया दिसला तर तो बहुधा मध्ययुगातला. हाउंड टॉरजवळ तशी एक वाडीच आहे. माणसं एका टोकाला आणि गुरं दुसऱ्या टोकाला, अशी लांबट घरं. चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास तीही ओस पडली.

ग्रिमस्पाउंड आणि १८९४ची फावडी

सगळ्यात प्रसिद्ध वस्ती ग्रिमस्पाउंड. हुकनी टॉर आणि हॅमलडाउन या दोन टेकड्यांच्या खिंडीत, साधारण ४५० मीटर उंचीवर, सुमारे ४ एकर जागेला दगडी भिंतीचा वेढा आणि आत २४ गोल घरं. एक ओहोळ वेढ्याच्या कडेने आत शिरून बाहेर पडतो. भिंतीचा मूळचा दरवाजा चढाच्या बाजूला आहे, आणि त्यात फरशी घातलेली आहे.

जुन्या लोकांनी याचं काय काय केलं नाही! अठराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड पोलव्हील यांना इथे ड्रुइड पुरोहितांचं स्थान दिसलं. कुणाला किल्ला दिसला. किल्ला म्हणायला हरकत नव्हती, पण दोन्ही बाजूंनी डोंगर वर चढतात आणि वरून कुणीही आत दगड भिरकावू शकतो. इतक्या वाईट जागी किल्ला कोण बांधेल? कथील काढणाऱ्यांची छावणी, असंही एक मत होतं. आज सर्वसाधारण समजूत अशी की वेढा गुरांसाठी होता. रात्री गुरं आत घ्यायची, लांडगा-चोर बाहेर. आतल्या काही घरांत चूलच नाही, ती कोठारं किंवा गोठे असतील.

१८९४ मध्ये डेव्हनशायर असोसिएशनच्या डार्टमूर समन्वेषण समितीने इथे उत्खनन केलं. त्यात सॅबिन बेअरिंग-गूल्ड हे पाद्री आणि रॉबर्ट बर्नार्ड ही मंडळी पुढे होती. यांनी ड्रुइडांना कायमची रजा दिली. चुली, राख, तडकलेले गोटे दाखवून ही माणसांची साधी राहती घरं आहेत, हे त्यांनी पक्कं केलं, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत डार्टमूरवरच्या अनेक वस्त्या खणल्या. हे त्यांचं मोठं काम. पण त्यांनी पडलेले दगड उचलून भिंती पुन्हा रचल्यासुद्धा, आणि त्यावर त्याच काळात टीका झाली. आज ग्रिमस्पाउंडला गेलं की कुठला दगड कांस्ययुगातला आणि कुठला १८९४चा, हे सांगणं अवघड.

त्याहून मोठं नुकसान जमिनीचं झालं. ग्रॅनाइटचं वय काढून घराचं वय कळत नाही. खडक तर जवळजवळ ३० कोटी वर्षांपूर्वीचा. घर कधीचं हे सांगतो तो कोळसा. झाड जिवंत असताना हवेतला किरणोत्सारी कार्बन घेतं, तोडलं की घेणं थांबतं, आणि आतला साठा ५७३० वर्षांत निम्मा या ठरलेल्या वेगाने घटत जातो. भिंतीच्या खाली दबलेला कोळसा भिंतीच्या आधीचा, जमिनीवरचा कोळसा राहत्या काळातला, पडलेल्या दगडांवरचा नंतरचा. ही पद्धत १९४०च्या दशकाच्या अखेरीस आली. १८९४च्या मंडळींना ती कशी ठाऊक असणार? त्यांनी घरातली माती थेट तळापर्यंत काढून टाकली, आणि कोळसा कुठल्या थरातला हा प्रश्न त्या घरांपुरता कायमचा मिटला.

रीव्ह

आता मुख्य गोष्ट. घरांच्या आसपास माळावरून दगडमातीचे बुटके उंचवटे जातात. गवताने झाकलेले, अर्धा मीटर उंच, पायाखाली आले तरी लक्षात येऊ नयेत असे. स्थानिक लोक त्यांना रीव्ह म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे पाहणारे होते, पण कुणी त्यांना जुने रस्ते समजलं, कुणी मध्ययुगीन हद्दी. मग विसाव्या शतकात बराच काळ कुणी लक्षच दिलं नाही. सगळ्यांना घरं हवी होती, शिळांच्या रांगा हव्या होत्या.

१९७०च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने हे उंचवटे पायी फिरून, एकेक करत नकाशावर घ्यायला सुरुवात केली. त्यातून जे चित्र उभं राहिलं ते पाहून मंडळी हादरली. एकमेकांना समांतर बांध, किलोमीटरच्या किलोमीटर, मध्ये आडवे छोटे बांध घालून केलेले लांबट तुकडे, आणि जिथे समांतर बांध संपतात तिथे सगळ्यांना अडवणारा एक शेवटचा बांध. त्यापलीकडे मोकळं, सामायिक चराऊ रान. डार्टमीट आणि रिपन टॉर इथल्या दोन सगळ्यात मोठ्या आखण्या प्रत्येकी हजारो हेक्टर व्यापतात. पश्चिमेकडचा एक बांध एकटाच दहा किलोमीटरहून लांब आहे.

डार्टमीटची आखणी मला सगळ्यात विलक्षण वाटते. डार्ट नदी तिथे खोल दरीतून जाते. शहाणा माणूस बांध दरीच्या काठाने वळवेल. यांनी वळवला नाही. बांध काठावर येऊन थांबतो आणि पलीकडच्या काठावर त्याच दिशेने, त्याच रेषेत पुढे निघतो, जणू मध्ये नदी नाहीच. दरीच्या तळात उभ्या असलेल्या माणसाला ही रेष दिसूच शकत नाही. ती कुणीतरी ठरवलेली आहे, आणि एका कुटुंबाने नव्हे.

नेमकं किती जणांनी आणि किती वर्षांत, यावर वाद आहे. फ्लेमिंग यांचं म्हणणं, एवढी शिस्त म्हणजे मोठ्या समुदायाने मिळून एकदाच घेतलेला निर्णय. पुढच्या काही अभ्यासकांना वाटतं, आधी एक दिशा पडली असेल, मग पिढ्यानपिढ्या शेजाऱ्याच्या बांधाला समांतर बांध घालत गेले असतील. बांधाच्या बाबतीत शेजाऱ्याशी जुळवून घेणं किती सहज होतं, हे आपल्याकडच्या तलाठ्याला विचारा. मला स्वतःला दोन्हींचं मिश्रण पटतं: मुख्य रेषा आधी ठरलेल्या, आतली वाटणी सावकाशीने. काळ मात्र बऱ्यापैकी पक्का आहे, इ.स.पू. १७०० ते १५०० च्या दरम्यान कधीतरी हे सुरू झालं.

रीव्ह नकाशावर आले आणि घरांचा अर्थ बदलला. आधी दिसत होती ती ओसाड माळावरची विखुरलेली खोपटी. आता तीच घरं शेताच्या कोपऱ्यात, बांधाला खेटून, वाटेच्या कडेला दिसू लागली. शॉ मूर इथे त्याच दशकात जॉफ्री वेनराइट यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. तिथे बांधालगतच्या चरात चिखल साचला होता आणि त्यात गाई, मेंढ्या, घोडे यांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे राहिले होते. हाडं विरघळली, खुरं उमटलेली राहिली. परागकणांच्या अभ्यासातून कळतं की धान्य थोडं आणि गवत भरपूर. हा मुख्यतः गुरं-मेंढ्या पाळणाऱ्यांचा मुलूख होता. सगळी घरं बारमाही नसतील, उंचावरची काही उन्हाळ्यापुरती, चराईच्या दिवसांतली असतील. आणि ५००० घरं एकाच वेळी धूर सोडत होती असंही नाही, हा आकडा सातशे वर्षांच्या बेरजेचा आहे.

कथलाचं विचाराल तर तो धागा बारीक आहे. ब्राँझ म्हणजे नऊ भाग तांबं, एक भाग कथील, आणि डार्टमूरच्या ओढ्यांत कथलाची खनिजं मिळतात. त्यामुळे ही सगळी कथीलवाल्यांची वसाहत असणार, असं म्हणायचा मोह होतो. प्रत्यक्ष पुरावा थोडा. १९५०च्या दशकात एलीन फॉक्स यांनी डीन मूरवर उत्खनन केलं तेव्हा घरांत कथलाच्या खनिजाचा एक गोटा आणि कथील वितळवताना उरलेल्या मळीचा कण मिळाला. म्हणजे कुणीतरी करत होतं, एवढं नक्की. बाकी घरादाराला गुरंच पुरत होती.

एक पेटी

घरांनी जे ठेवलं नाही ते एका थडग्याने ठेवलं. डार्टमूरच्या उत्तर भागात, व्हाइटहॉर्स हिल या सुमारे ६०० मीटर उंचीच्या जागी पीटच्या ढिगातून शिळांच्या पेटीचं टोक बाहेर आलेलं होतं. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. हवा नसल्याने त्यात सेंद्रिय वस्तू टिकतात. ढीग झिजत चालला होता, पेटी उघडी पडून आतलं सगळं गेलं असतं, म्हणून २०११ मध्ये उत्खनन झालं.

आत एका तरुण व्यक्तीची जळालेली हाडं होती, वय साधारण १५ ते २५, काळ इ.स.पू. १७३० ते १६००च्या आसपास, म्हणजे बांध पडू लागले त्याच सुमाराचा. हाडं अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली. सालीच्या धाग्यांनी विणलेली टोपली, तिच्यात दोनशेहून अधिक मणी. काही मणी अंबरचे, आणि अंबर येतं बाल्टिक समुद्राकडून. गाईच्या केसांची वेणी घालून केलेलं कडं, त्यात तीसहून अधिक कथलाच्या बारीक टिकल्या. नेटल या अंगाची आग करणाऱ्या रानटी रोपट्याच्या धाग्यांचं विणलेलं वस्त्र, त्याला वासराच्या कातड्याची त्रिकोणी झालर. लाकडाच्या कातीव चकत्या, बहुधा कान टोचून घालायच्या. कातकामाचा ब्रिटनमधला हा सगळ्यात जुना पुरावा मानला जातो.

हा ऐवज गुडघाभर कड्याशेजारी ठेवून पाहा. त्या घरांत राहणाऱ्यांना बाल्टिकचं अंबर मिळत होतं आणि सुईचं काम येत होतं. ‘बिचारे’ हा शब्द इथे बसत नाही.

मग सोडलं का?

इ.स.पू. १००० पर्यंत वरची बहुतेक घरं रिकामी झाली. हल्ल्याच्या, जाळपोळीच्या खुणा नाहीत. कारण म्हणून हवामानाकडे बोट दाखवतात, ते खरंच आहे: कांस्ययुगाच्या मध्यात हवा आजच्यापेक्षा काहीशी उबदार आणि कोरडी होती, शेवटाकडे ती थंड आणि ओली होत गेली. ४५० मीटरवर गवताचा हंगाम महिनाभराने जरी आखडला तरी गुरांचं गणित कोलमडतं.

पण जमीनही माणसानेच थकवली होती. ओक आणि हेझेलची झाडी काढली की मुळं पाणी शोषत नाहीत. सततचा पाऊस मातीतलं लोह आणि पोषकद्रव्यं धुऊन खाली नेतो. हातभर खाली हे लोह साचून एक कडक पापुद्रा तयार होतो आणि मग पाणी खाली मुरत नाही, परातीत साचल्यासारखं वरच साचून राहतं. पाणथळ झालं की गवत जातं, शेवाळ येतं, शेवाळाचं पीट होतं. उंच माथ्यांवर पीट आधीपासून होतं, ते आता खाली पसरू लागलं. हेदर वाढलं. आज ज्याला आपण निसर्गाचं रौद्र रूप वगैरे म्हणतो, तो डार्टमूरचा उघडा माळ बऱ्याच अंशी इथेच घडला, गुरं चारताचारता.

नेमक्या याच शतकांत पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला वस्ती होती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी तिथे मोठी उत्खननं केली. इ.स.पू. १४०० ते १००० या काळात मातीची ऐसपैस आयताकृती घरं, आणि १००० नंतर लहान गोल झोपड्या. म. के. ढवळीकर यांनी याची संगती वाढत्या कोरडेपणाशी लावली: शेती आटली, लोक गुरंमेंढ्यांकडे आणि भटकंतीकडे वळले, घर हलकं झालं. तिकडे जादा ओल, इकडे जादा कोरड. गोल घर म्हणजे मागासलेपण असं मात्र यावरून ठरवू नये. डार्टमूरवर शेतं मोजूनमापून सरळ आखणाऱ्यांनी घरं शेवटपर्यंत गोलच बांधली, कारण सारख्या भिंतीत गोल घरात जागा जास्त मिळते आणि वाऱ्याला धरायला कोपरा मिळत नाही.

माळ पूर्ण निर्मनुष्य कधीच झाला नाही. मध्ययुगात माणसं पुन्हा वर आली, कथीलवाल्यांनी आणि मेंढपाळांनी जुनी कडी आडोशाला वापरली, अनेक घरांचे दगड नव्या कुंपणांत गेले. आज गावकऱ्यांचे चराईचे सामायिक हक्क आहेत, मेंढ्या आणि तट्टं सगळीकडे मोकळी फिरतात. हजाराहून अधिक स्थळांना कायद्याचं संरक्षण आहे, दगड हलवणं गुन्हा आहे. खरा शत्रू नेचा. त्याची जाड मुळं जमिनीखालून पसरत जातात आणि उरलेसुरले थर फाडतात, आणि उन्हाळ्यात तो कमरेएवढा वाढला की घरं दिसेनाशी होतात.

म्हणून कुणी तिकडे जाणार असेल तर हिवाळ्याच्या शेवटी जावं, नेचा सुकून आडवा झालेला असतो. ग्रिमस्पाउंडला रस्त्यापासून थोडीच चढण आहे. आत फिरून झालं की हुकनी टॉरवर चढावं, वरून वेढा आणि घरं एका नजरेत येतात. बांध पाहायचे तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना. दुपारी ते असून नसल्यासारखे. पूर्वेकडच्या उतारांवर काही ठिकाणी तर आजच्या शेतांच्या दगडी भिंती थेट जुन्या रीव्हवरच उभ्या आहेत, आणि त्या शेतांत आजही गुरंच चरतात.